सपाटीवर टिकतो, घाटात सुटतो. पुढच्या सीझनआधी नेमकं काय बदलू?

यवतेश्वरकर (सातारा)

नमस्कार मंडळी,

सीझन संपला. सायकल धुऊन भिंतीला टांगली आहे आणि डोक्यात एकच प्रश्न घोळतोय, म्हणून हा धागा.

माझ्याबद्दल थोडं. वय ३९, वजन ७४ किलो, साताऱ्यात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. रोडबाईक अॅल्युमिनियमची, बाटल्या-पंप धरून ९ किलो. पुढे ५२-३६, मागे ११-२८ दातांच्या चकत्या. गेल्या दिवाळीत पावर मीटरचे (पायाचा जोर वॅटमध्ये मोजणारे) पॅडल घेतले. ("पॅडलमध्ये एवढं महाग काय असतं?" या बायकोच्या प्रश्नाला मी अजून पटेल असं उत्तर देऊ शकलेलो नाही.) एफटीपी (साधारण तासभर टिकवता येते ती ताकद) २४५ वॅट, म्हणजे किलोमागे ३.३. सराव बहुतेक यवतेश्वर, कास, कधी मेढ्याकडे. सुट्टी असली की वाईला जाऊन पसरणी घाट.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात आसपासच्या स्थानिक रेस केल्या, सोबत २०० आणि ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राईड). सपाट रेसमध्ये मुख्य घोळक्याबरोबर शेवटपर्यंत असतो. स्प्रिंट नाही, पण निदान त्यांच्या सोबत येतो. घाट आला की मात्र दरवेळी तेच. पायथ्याशी सोबत, दहा मिनिटांत एकटा.

जानेवारीतल्या रेसचे आकडे देतो, म्हणजे बोलायला सोपं जाईल. सुरुवातीला सपाट भाग, शेवटी सुरूर फाट्यावरून वाई, गावातून बाहेर पडून पसरणी आणि पाचगणीला शेवट. घाटाआधीची चाळीस मिनिटं: सरासरी १८८ वॅट, नॉर्मलाइज्ड (मधले झटके धरून पायांवर पडलेला भार) २३६. घाटात: सरासरी २१८ वॅट, वेळ ४६ मिनिटं. एरवी एकटा, ताज्या पायांनी मी तोच घाट ४१ मिनिटांत चढतो. आणि ज्यांच्या सोबत मी खालून निघालो, त्यातले बरेच जण ४२ मध्ये वर पोचले. म्हणजे ते माझ्या ताकदीबाहेरचे नव्हतेच!

आता सल्ले असे आलेत: (एक) तीन-चार किलो वजन उतरव, (दोन) कार्बनची हलकी चाकं घे, (तीन) कॉम्पॅक्ट क्रँक (पुढच्या आणखी लहान चकत्या) लाव, (चार) घाट जास्त मार. पैसे एकाच गोष्टीला आहेत आणि वेळ त्याहून कमी. काय करू?

कोथरूडचा म्हातारा (पुणे)

मास्तर, आकडे दिलेत हे फार बरं केलंत. नाहीतर लोक नुसतं "पाय जड झाले" लिहितात आणि आम्ही कुंडली मांडत बसतो.

तुमचं उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय. सरासरी १८८ आणि नॉर्मलाइज्ड २३६. एवढा फरक कधी पडतो? माणूस घोळक्यात शेपटीला असतो तेव्हा. पुढचे दहा जण ३८ च्या वेगानं एकसारखे जात असतात. गावाचा गतिरोधक येतो, ते ब्रेकला जरा हात लावतात. त्यांच्या मागचे जास्त लावतात. पन्नासावा माणूस पार वीसवर येतो, आणि तो गतिरोधक ओलांडतो तोवर पुढचे पुन्हा ३८ वर गेलेले असतात. मग काय, उभं राहून पाचशे-सहाशे वॅट. सुरूर ते वाई या पट्ट्यात गतिरोधक, वळणं, उसाचे ट्रॅक्टर काय कमी आहेत का? दरवेळी तुम्ही स्प्रिंट मारलात, आणि ती मारलीत फक्त होता तिथेच राहण्यासाठी. फाईल उघडून बघा, चारशेच्या वर किती वेळा गेलात ते मोजा. मला ती बघायची गरज वाटत नाही.

म्हणजे पसरणीच्या पायथ्याशी तुम्ही "सोबत" होतात खरे, पण तुमच्या एफटीपीच्या जवळपास चाळीस मिनिटं काढून आला होतात. पुढे बसलेला तुमच्याच वजनाचा, तुमच्याच ताकदीचा गडी तिथे चाकं धरून आरामात आला. घाट त्यानंही २४५ नंच मारला असेल. तुमच्याकडे २१८ उरले होते.

दुसरी गोष्ट. शेपटीवरून घाटात शिरलात की पहिल्याच चढावर तुमच्या पुढचे कमकुवत लोक सुटायला लागतात. तुमच्यात आणि पुढच्या गटात फट पडते ती त्यांच्यामुळे, आणि ती भरायची तुम्ही. उलट पहिल्या दहात शिरलात तर घाटभर हळूहळू मागे सरकायची मुभा असते. एकेक जण पुढे जाऊ द्या. माथ्यावर चाळिसावे पोचलात तरी गट सुटलेला नसतो. ज्याला घाट जमत नाही त्यानं घाटात सगळ्यात पुढून शिरायचं, हा फार जुना नियम आहे.

आम्ही पोरं होतो तेव्हा मुंबई-पुणे रेस बघायला सायकली घेऊन खंडाळ्याला जायचो. बोरघाटाच्या माथ्यावर पहिला येईल तो 'घाटाचा राजा', त्याची ऐट अंतिम विजेत्यापेक्षा कमी नसायची. पण जाणकार माणसं घाटात थांबायची नाहीत, ती खाली खोपोलीत थांबायची. म्हणायची, राजा कोण होणार ते इथेच कळतं. तेव्हा मला ते थापा वाटायचं. नंतर स्वतः रेस करायला लागल्यावर खोपोलीत शिरताना जी कोपरं बसायची, त्यावरून समजलं की म्हातारे बरोबर होते.

वजन आणि चाकांचं गणित तुम्हीच करा, विषय तुमचा आहे.

यवतेश्वरकर (सातारा)

काका, करूनच टाकलं!

मी आणि सायकल मिळून ८३ किलो. पसरणी साधारण ५ टक्के चढ, बारा-एक किलोमीटर. २४५ वॅटला वेग येतो ताशी १७ च्या थोडा वर. त्यातले बहुतेक वॅट गुरुत्वाकर्षणाला जातात, हवेला विसेक. ४०० ग्रॅमनं हलकी चाकं घेतली तर संपूर्ण घाटात बचत दहा-बारा सेकंद. तीन किलो वजन कमी केलं तर सव्वा मिनिट.

आणि सपाटीवर ४० च्या वेगानं हवेविरुद्धच साधारण २४० वॅट लागतात. कुणाच्या तरी चाकामागे नीट बसलं तर तीस टक्के वाचतात, म्हणजे सत्तरेक वॅट. घाटात हीच बचत पाच-सात वॅटची. वर्गात वेगाच्या घनाचा नियम दरवर्षी शिकवतो, पण तो सुरूर फाट्यावर आठवला नाही.

फाईलही बघितली. आकडा सांगत नाही, लाज वाटते.

पण एक शंका. पुढे जायचं कसं? मी प्रयत्न केला नाही असं नाही. बाजूनं पुढे जातो, दोन मिनिटांत पुन्हा मागे आलेला असतो. लोक आत घुसूच देत नाहीत.

गिअरवाला_कोल्हापूर

मधेच बोलतो, कारण कॉम्पॅक्टचा विषय निघालाय आणि माझ्या दुकानात महिन्याला दोन जण तरी हेच मागायला येतात.

सर, पसरणीला तुम्हाला कॉम्पॅक्ट नको. ३६ ला २८ म्हणजे पॅडलच्या एका फेरीत साधारण २.७ मीटर. ताशी १७ नं मिनिटाला शंभराच्या वर फेऱ्या होतात. तुम्ही पार दमून १४ वर आलात तरी ८५ च्या आसपास. म्हणजे अजून एक-दोन गिअर तुमच्या हातात शिल्लकच आहेत. गिअरमुळे तुम्ही सुटला नाहीत.

सिंहगडाला जाणार असाल तर गोष्ट वेगळी. तिथल्या उभ्या वळणांवर वेग आठवर येतो आणि ३६-२८ ला पन्नासच फेऱ्या होतात, गुडघे बोलायला लागतात. तिथे ३४ ला ३४ हवा. पण त्यासाठी आख्खा क्रँक बदलायच्या आधी मागची कॅसेट (चकत्यांचा संच) मोठी करा. तुमच्या डिरेलरला (मागे साखळी सरकवतो तो भाग) लांब पिंजरा आहे का ते बघा, असेल तर काम स्वस्तात होईल.

पैसे खर्च करायचेच असतील तर टायर. २३ मिलिमीटर रुंदीचे असतील तर २८ चे टाका, फ्रेममध्ये बसतात का ते आधी मोजून. आणि हवा कमी भरा. १२० पीएसआय भरून आपल्या रस्त्यांवर सायकल नुसती उडते. तुमच्या वजनाला २८ च्या टायरमध्ये ७५-८० भरपूर झाले. घोळक्यात खड्डा दिसत नाही, पुढचा ओरडतो तेव्हा तुम्ही खड्ड्यातच असता.

निवांत_रँदोनर (नाशिक)

कोथरूडच्या काकांशी सहमत, पण कुणी ब्रेव्हेबद्दल बोलत नाहीये. धागाकर्त्यानं ३०० रेसच्या किती आधी केली होती?

आमच्या नाशिकला महाजन बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या टीमनं रेस अॅक्रॉस अमेरिका पूर्ण केल्यापासून गल्लीतला प्रत्येक जण लांब पल्ल्याचा झालाय. त्यामुळे मी ब्रेव्हेच्या विरोधात बोलेन असं समजू नका. पण ३०० ला २० तासांची मुदत असते, आपण पंधरा-सोळा तासांत जरी आलो तरी रात्रीची झोप जाते, खाणं विस्कटतं, आणि पायांना एकाच मंद लयीची सवय लागते. रेसला लागतो तो अचानक जोर. दोन्हीची कारणं वेगळी, तब्येत वेगळी.

यवतेश्वरकर (सातारा)

एक आठवडा आधी. 🙂

पण माझं २०२७ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसचं स्वप्न आहे. चार वर्षांतून एकदाच येते. १२०० किलोमीटर, ९० तास. त्याआधी मालिका करायची म्हणजे २००, ३००, ४००, ६०० सोडून कसं चालेल? आणि आदल्या वर्षी जितकी लांब ब्रेव्हे केलेली असेल तितकी नोंदणी आधी खुली होते, म्हणून यंदा ६०० करायचीच आहे.

निवांत_रँदोनर (नाशिक)

मग ती करा, पण सीझनच्या बाहेर करा. पावसाळ्यात ६०० करा. त्रास होईल, पण ४० तास ओले मोजे घालून काढलेत की पॅरिसच्या पावसाची भीती राहणार नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने रेसला द्या. एका हातात दोन कलिंगडं, हे आपल्याकडे सगळेच करतात आणि मग दोन्ही फुटतात.

सांगलीची_सायकलवाली

सर, मी तुमच्या त्याच रेसमध्ये होते बहुतेक, महिला गटात. सोबत निघालेल्या मुली इतक्या कमी होत्या की आमच्याकडे 'घोळका' ही समस्याच नव्हती. पहिल्या पाच किलोमीटरमध्ये दोघी पुढे गेल्या, बाकी आम्ही आपापल्या वाऱ्याशी भांडत. त्यामुळे काकांचा नियम आमच्या उपयोगाचा नाही. आम्ही पायथ्याशी पोचतो तेव्हा आधीच टाइम ट्रायल (एकटीनं घड्याळाविरुद्धची शर्यत) झालेली असते.

मला विचारायचंय ते वेगळंच. काय खाल्लं होतं? रेस सकाळी सहा-साडेसहाला सुटली. साताऱ्याहून यायला तुम्ही चारला उठला असाल. त्या वेळी पोहे खाल्ले असतील तर ते घाटापर्यंत संपतात. मी आता ताशी ६० ग्रॅम कर्बोदकं धरते. एक केळं साधारण २५ ग्रॅम, बाकी बाटलीत साखर, लिंबू, मीठ. महागडे जेल घरी आणत नाही, लेकरानं एकदा उघडून भिंतीला लावलं होतं. चिक्की वाटते सोयीची, पण घोळक्यात चावत बसता येत नाही आणि घसा कोरडा पडतो. घाटात खायला जमत नाही, म्हणून वाई यायच्या वीस मिनिटं आधीच उरकायचं.

आणि घोळक्यात मागे फेकले जाता, त्याचं कारण मला माहितीये असं वाटतं. पुढच्या चाकाशी तुम्ही एक हात अंतर सोडता. बरोबर ना? तेवढ्यात तर बस घुसते! आम्ही तिघी शाळेच्या मैदानात गवतावर हळू चालवत एकमेकींच्या खांद्याला खांदा लावायचो. पडलं तरी गवत. दोन महिन्यांत भीती गेली.

यवतेश्वरकर (सातारा)

ताई, पोहेच होते. पावणेचारला. आणि पाणी अर्धी बाटली प्यायलो असेन, थंडी होती म्हणून.

अंतराचंही बरोबर आहे. एक हात म्हणजे तुम्ही सौम्य शब्दांत सांगितलंत.

कोथरूडचा म्हातारा (पुणे)

बाईंनी लाख मोलाचं सांगितलं. मला ते लिहायला दोन परिच्छेद लागले असते.

आता तुमच्या प्रश्नाकडे, पुढे जायचं कसं. पहिलं म्हणजे सगळे जोरात असताना जाऊ नका, ते सत्तर वॅट फुकट जातात. घोळका निवांत झाला, कुणी बाटली काढली, कुणी गप्पा मारायला लागला, उतार लागला, की तेव्हा सरकायचं. एका दमात पन्नास जणांना मागे टाकायचं नाही. दोन जण ओलांडले की आत शिरून बसायचं, पुन्हा दोन. दुसरं, वारा कुठून येतोय ते बघा. वारा डावीकडून असेल तर सगळे उजवीकडे चिकटलेले असतात, डावी बाजू मोकळी असते. तिथून जाताना वारा लागतो, पण रस्ता मिळतो. तिसरं, कुणीतरी पुढे जाणारा दिसला की त्याचं चाक धरा. दर रेसमध्ये एखादा असतो ज्याला सारखं पुढे जायची खाज असते. तो तुमचा मित्र.

आणि पुढे पोचल्यावर नाकावर वारा घेत बसू नका. तुम्ही दोन मिनिटांत मागे का येता? अगदी पहिल्या ओळीत जाता, थकता आणि बाजूला होता. सहावं-सातवं चाक ही जागा. तिथे राहायचं म्हणजे दर मिनिटाला एक जागा जिंकायची, कारण एक जागा आपोआप जातेच.

रेसच्या आदल्या दिवशी रस्ता पाहून ठेवा. मला विचाराल तर तुमचा घाट वाई गावात सुरू होत नाही, तो सुरूर फाट्याच्या वळणावर सुरू होतो. त्या वळणावर पहिल्या पंधरात असलात की निम्मं काम झालं.

सीझनबद्दल. पुस्तकं वाचून सराव आखत असाल तर एक ध्यानात घ्या. ती लिहिणाऱ्यांचा सीझन मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत असतो, म्हणून ते हिवाळ्यात संथ, लांब पल्ल्याचा पाया घालतात. आपल्याकडे रेस पावसाळा संपला की सुरू होतात आणि ऊन तापायला लागलं की संपतात. पुस्तकातलं वेळापत्रक तसंच उचललं तर नोव्हेंबरमध्ये रेस असताना तुम्ही पाया घालत बसाल. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत घरी, हौसेपुरतं चालवा. जून ते ऑगस्ट पाया, साताऱ्याचा पाऊस बघता निम्मा घरात ट्रेनरवर (सायकल एका जागी चालवायच्या स्टँडवर). कासला फुलं लागली की शनिवार-रविवारी तो रस्ता विसराच, गाड्यांच्या रांगेत सायकल काय, माणूसही सरकत नाही. त्या महिन्यात मधल्या वारी यवतेश्वरवर पाच-पाच मिनिटांचे जोर मारा. ऑक्टोबरपासून दर रविवार घोळक्यात. तुम्ही एकटे फार चालवता, असा मला दाट संशय आहे.

यवतेश्वरकर (सातारा)

जवळजवळ कायम एकटा. साताऱ्यात पळणारे उदंड, हिल मॅरेथॉनमुळे. सकाळी यवतेश्वरला शंभर जण धावताना भेटतात. माझ्या वेगाचे सायकलवाले चार, त्यातल्या दोघांचं आपसात बोलणं नाही.

जानेवारीत पुणे ग्रँड टूर बघायला रजा टाकून गेलो होतो. पहिल्यांदाच एवढी आंतरराष्ट्रीय रेस दारात आली, कोण सोडतो! घोळका माझ्यापासून हातभर अंतरावरून गेला. चाकाला चाक, खांद्याला खांदा, आणि त्यातला एक जण शांतपणे जर्सीच्या खिशातून काहीतरी काढून खात होता. वेग पन्नास तरी असावा. तेव्हा फक्त तोंड उघडं राहिलं. आज हा धागा वाचताना वाटतंय की ताई आणि काका जे सांगतायत तेच बघत होतो मी.

असो. ठरलं ते असं: चाकं रद्द, क्रँक रद्द, २८ चे टायर घेतो. ६०० ऑगस्टमध्ये. वजन दिवाळीचा फराळ ठरवेल. घोळक्याचा सराव करायला मात्र पुण्याला यावं लागेल असं दिसतंय. काका, तुमचा रविवारचा ग्रुप नवख्याला घेतो का?

गिअरवाला_कोल्हापूर

टायर घेताना ट्यूबही त्याच मापाच्या घ्या सर. २३ च्या ट्यूब २८ मध्ये ताणून बसवणारे गिऱ्हाईक मी रोज बघतो.

कोथरूडचा म्हातारा (पुणे)

घेतो की. पहाटे साडेपाचला निघतो, जुना कात्रज घाट, खेड शिवापूर, शिरवळला चहा आणि परत. तुम्ही शिरवळलाच गाडी लावून आमच्याबरोबर पुण्याकडे या, म्हणजे खंबाटकीपलीकडून एवढ्या पहाटे पुण्यापर्यंत यायला नको. परतीला वारा समोरून असतो, चाक धरायला शिकायचं तर तीच वेळ. जाताना तुमच्या गाडीपर्यंत कुणीतरी सोबत देईल.

पहिल्या रविवारी कुणी तुम्हाला आत घेणार नाही, चिडू नका. मागून तिसरे बसा, खुणा शिका. खड्ड्याला बोट, वेग कमी करताना हात खाली. पुढच्या चाकावर चाक चढवलंत तर शिव्या मिळतील, त्या मराठीतच असतील. पुढे-मागे लाईट पाहिजे, आणि ट्यूब दोन आणा. आमच्यात चहा पाजतात, ट्यूब उसनी देत नाहीत.